पाचवीतल्या मुलीसाठी जादू आणि साहसाच्या जाड कादंबऱ्या सुचवा

बंदरावरचा_मिस्त्री

मंडळी, मी देवगडचा. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. १ जूनला मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या, आणि त्यांची इंजिनं माझ्या पडवीत येऊन बसली. ३१ जुलैपर्यंत दिवसभर हात काळेच. संध्याकाळी लाईट जाते (जातेच), मग मुलगी टॉर्च घेऊन समोर बसते. "बाबा, वाच."

पाचवीत आहे, मराठी शाळा. फास्टर फेणे दोनदा झाला. आता तिला जादू हवी. परीकथांची पातळ पुस्तकं आणून दिली तर एका दुपारीत संपवली आणि "ही बारक्या पोरांची" म्हणून माझ्या हातात परत ठेवली.

तर जाड पुस्तक हवं. जिवावरचं संकट हवं, पण झोप उडवणारं नको. मामेभावानं तिला खविसाची गोष्ट सांगितली, त्यानंतर पंधरा दिवस रात्रीची मागच्या पडवीतसुद्धा एकटी जात नव्हती. आणि राजपुत्र येऊन राजकन्येला सोडवतो तसलं काही सुचवू नका, ती मलाच बोलते. इंग्रजी चालेल, मी वाचता वाचता मराठीत सांगेन. माझं इंग्रजी इंजिनाच्या मॅन्युअलवर पोसलेलं आहे, एवढं लक्षात ठेवा.

पुस्तकांची_पेटी, रत्नागिरी

दादा, 'हॉबिट' घ्या. टोल्किनचं, १९३७चं. मीना किणीकरांचा मराठी अनुवाद आहे. एकोणीस प्रकरणं आहेत, रोज एक वाचलंत तर तीन आठवड्यांत होईल. घरात बसून खाणंपिणं आवडणारा एक बुटका तेरा खुज्यांबरोबर ड्रॅगनकडून खजिना परत आणायला निघतो. भीती आहे, पण लेखकानं ती गोष्ट स्वतःच्या मुलांना सांगितलेली, त्यामुळे मधेमधे तो वाचणाऱ्याशी गप्पा मारतो. मोठ्यानं वाचायला फार बरं पडतं.

पाचव्या प्रकरणात जमिनीखालच्या काळ्या तळ्याकाठी कोडी घालायची पैज लागते, हरला तर जीव जाणार. एका कोड्याचं उत्तर 'मासा' आहे आणि तिथेच नायक अडतो! तळ्यातला मासा उडी मारून त्याच्या पायावर पडतो तेव्हा कुठे त्याला सुचतं. देवगडच्या पोरीला एवढा वेळ लागणार नाही. उत्तर सांगून टाकलं, माफ करा, पण तिला सांगू नका.

एक खोट आहे. अख्ख्या प्रवासात एक बाई नाही. तुमची मुलगी विचारेल, तयारीत राहा.

हॅरी पॉटर सगळेच सांगतील म्हणून मी सांगत नाही. मराठीत पहिल्या भागाचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस' आहे, मला ते मूळ नावापेक्षा आवडतं. पहिले तीन खुशाल द्या. चौथ्याच्या शेवटी एका मुलाचा मृत्यू आहे, तो भाग आधी तुम्ही वाचा.

मालवणची_काकू

गाववाल्यानु, इतक्या लांब कित्याक जातास? घरात आजी आसा तर तिका विचारा. राखणदाराच्यो, देवचाराच्यो गजाली पुस्तकात गावाच्यो नाय. बाकी पोरांनी वाचूक व्हया, ह्या खरा.

बंदरावरचा_मिस्त्री

काकू, आमच्या आयेच्या गजाली संपल्या म्हणूनच इथे आलो. एकच देवचार चार वेळा येऊन गेला, दर वेळी घोंगडी वेगळी. मुलीनं पकडलं.

बोटीवरचा_वेंगुर्लेकर

मी मर्चंट नेव्हीत आहे. ही गोष्ट घरी लहान बहिणीला वाचून दाखवली होती, म्हणून सांगतो. अर्सुला ले ग्विनचं 'ए विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८चं. त्या जगात सगळीकडे बेटंच. दोन बेटांच्या मधे जे काही घडतं ते होडीत घडतं. नायक गेड हा तांबूस-सावळ्या रंगाचा, काशाच्या वस्तू घडवणाऱ्या कांस्यकाराचा मुलगा, शेळ्या राखणारा. गावावर लुटारू येतात तेव्हा तो धुकं उठवून गाव लपवतो. मिस्त्रीच्या घरी हे वाचायलाच पाहिजे.

मला सर्वांत आवडतो त्याचा गुरू, ओगियन. भूकंप थोपवलेला माणूस, पण पाऊस आला तर तो वळवत नाही. झाडाखाली गुपचूप आडवा होतो. गेड भिजत, चिडून बसतो की एवढी विद्या आहे तर ढग बाजूला का करत नाहीत? पुढे जादूच्या शाळेत त्याला कळतं की इथला पाऊस हलवला तर दुसरीकडे काहीतरी बिघडतं. आपल्याकडे जूनमध्ये हे वाचायची मजा वेगळीच.

दोन सूचना. भाषा संथ आहे, घाईनं वाचलंत तर मजा जाईल. आणि गेड गर्वानं एका मृत स्त्रीला बोलावतो, तिथून एक काळी सावली सुटते. ते प्रकरण दिवसा वाचा. ती सावली पुढे पुस्तकभर त्याच्या मागे आहे, पण शेवट वाचून मुलगी घाबरणार नाही, विचार करत बसेल. मुलगीच नायिका हवी असेल तर पुढचा भाग आहे, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन', पण तो जमिनीखालच्या अंधारातला. खविसाचं ऐकून मी म्हणेन, दोन वर्षं थांबा.

दापोलीचा_मास्तर

सलमान रश्दींचं 'हारून अँड द सी ऑफ स्टोरीज', १९९०. मुलासाठी लिहिलेलं. गोष्टी सांगणाऱ्या बापाची वाचा जाते आणि मुलगा ती परत आणायला जातो. सुरुवातीच्या उदास शहरात असे मासे मिळतात की खाल्ले की माणूस उदास होतो. नावं सगळी आपली: कहानी, गुप, चुप, खत्तम-शुद. भाषांतर करताना निम्मं काम आधीच झालेलं आहे.

ज्यूल व्हर्नही विसरू नका, भा. रा. भागवतांनी तो मराठीत आणला. जादू नाही, पण पाणबुडीवाला कॅप्टन निमो बुंदेलखंडाचा राजपुत्र आहे. मुलांना हे आधी सांगितलं की कान टवकारतात.

बंदरावरचा_मिस्त्री

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे झाले, खबर देतो.

'हॉबिट' मागवलाय, अजून पोचला नाही. घाट बंद होता. अर्थसी मोबाईलवर घेतलं आणि रोज आठ-दहा पानं सांगतोय. इंग्रजी अडतं, पण समुद्राचं आलं की तोंडातून आपोआप मतलई, उधाण, सुकाणू येतं, मूळ शब्द काय होता ते नंतर बघतो. पावसाचा प्रसंग वाचला त्या रात्री नळ्यातून गळत होतं. मी शिडी शोधत होतो तर म्हणते, "बाबा, ओगियनसारखा झोप की." आईनं दोघांना ओरडून उठवलं.

सावलीचं प्रकरण दुपारी उरकलं, इंजिन उघडं टाकून. तिला सावलीची भीती वाटली नाही, गेडचा राग आला. चार दिवस त्याच्याशी अबोला होता.

काल तो वाहून आलेल्या फळ्यांची होडी मंत्रानं जोडून समुद्रात काढतो, तिथे आलोय. मंत्राचं लक्ष सुटलं तर फळ्या सुटणार. तिनं वाचन थांबवलं आणि विचारलं, "ह्या होडीला तू काय केलं असतंस?"

मी म्हटलं, आधी वर ओढली असती.