वस्तीतला डॉक्टर आणि विषारी दारू: थरारकथेसाठी तपशील हवेत

शाईदौत:
गुन्हेकथा लिहितेय. गरीब वस्तीत छोटा दवाखाना, एकच डॉक्टर, प्रयोगशाळा नाही. कुणीतरी दारूत मुद्दाम मिथेनॉल मिसळलंय. डॉक्टरला संशय कशावरून येईल? पुढे पुरावा कोर्टात टिकू नये, याचंही पटणारं कारण हवंय. सध्याच्या मसुद्यात पहिला माणूस घोट घेताच गुत्त्यात कोसळतो.

नाडीपरीक्षा:
तो प्रसंग काढाच. खरा घात मिथेनॉलपासून यकृतात तयार होणारं फॉर्मिक आम्ल करतं आणि ते साचायला साधारण 12 ते 24 तास जातात. सोबत नेहमीची दारू पोटात असेल तर आणखी उशीर, कारण यकृत आधी ती पचवतं. म्हणजे रात्री प्यायलेला माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार, आणि तोवर गुत्ता साफ झालेला असणार. हा मधला वेळ खुन्याच्या फार कामाचा आहे.

संशयाची जागा म्हणजे श्वास. माणूस खोल, भराभर श्वास घेतोय, पण छाती स्वच्छ, ऑक्सिजन 98 टक्के, साखर नॉर्मल. म्हणजे रक्तात आम्ल वाढलंय. त्यातच तो म्हणतो, ‘सगळं पांढरं धुकं दिसतंय.’ बाहुल्या मोठ्या, टॉर्च मारला तरी जेमतेम आकसतात. एकट्याचं असं झालं तर चुकायला वाव आहे. एकाच गुत्त्यावरचे तिघे आले की शंका उरत नाही. तोंडाच्या वासावरून मात्र ओळखायला लावू नका, तो साध्या दारूचाही येतो.

पंचनामा:
पुरावा बिघडवायला खलनायक लागत नाही. सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटच्या (म्हणजे अल्कोहोलच्याच) बोळ्याने पुसली, एवढ्यावर बचावाचा वकील रक्ताच्या अहवालावर शंका घेऊ शकतो. पोव्हिडोन आयोडीन वापरायला हवं. नमुना फ्लोराइडच्या नळीत, काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून थंड ठेवायचा. मिथेनॉल 65 अंशांच्या आसपास उकळतं, सैल बुचातून ते सहज उडून जातं.

शवविच्छेदनात याहून मोठी चूक शक्य आहे. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे तुकडे, मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. घाईत कुणी तो फॉर्मलिनमध्ये (अवयव टिकवण्याच्या फॉर्माल्डिहाइडच्या द्रावणात) टाकला तर प्रकरण मेलं, कारण फॉर्माल्डिहाइडचे रेणू एकमेकांना जोडून साका बनू नये म्हणून त्यात सहसा मिथेनॉलच घातलेलं असतं. कथेचा कणा मी यावरच उभा केला असता.

शाईदौत:
फॉर्मलिन पक्कं. आणि उपचार? डॉक्टर कुणाला वाचवू शकेल का?

नाडीपरीक्षा:
दवाखान्यात पूर्ण उपचार होणार नाही. फोमेपिझोल हे मुख्य औषध, पहिला डोस किलोमागे 15 मिलिग्रॅम, पण ते छोट्या दवाखान्यात सहसा नसतं. ते नसेल तर रुग्णालयात शुद्ध इथेनॉल मोजून देतात; तेही विषाचं आम्लात रूपांतर रोखतं. जोडीला सोडियम बायकार्बोनेट, फोलिनिक ॲसिड आणि डायलिसिस. तुमच्या डॉक्टरने रक्ताचा नमुना इथेनॉल सुरू व्हायच्या आधी घ्यावा, वेळ लिहून ठेवावी आणि गाडी मिळेल तशी माणसं डायलिसिस असलेल्या रुग्णालयात हलवावीत. जगलेल्यांपैकी एखाद्याची नजर कायमची जाईल. खटल्यातला तुमचा साक्षीदार तोच असू द्या.