अनुभव धागा: जत्रेत आणि सर्कशीत केलेली सुट्टीतली कामं

चैत्र लागला की पश्चिम महाराष्ट्रात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि वार्षिक परीक्षाही त्याच सुमारास संपते. त्यामुळे आठवी-नववीतली कितीतरी मुलं आठ-पंधरा दिवस सर्कशीत, पाळण्यावर नाहीतर तंबूतल्या सिनेमात कामाला लागायची. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत सर्कस उभी केली, पुढे सांगली-तासगाव भागातून आणखी सर्कशी निघाल्या, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. खुंट्या ठोकणाऱ्या पोरांबद्दल मात्र फारसं कुठे वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा. खेळ पाहिल्याच्या आठवणी नकोत, कामाच्या लिहा.

सुरुवात मी करतो. सामान मैदानात उतरलं की आधी आखणी, मग खुंट्या. एका खुंटीभोवती तीन-चार गडी उभे राहून पाळीपाळीने घण घालायचे. माझं वय पाहून मला घण दिला नाही, दोरांवर घेतलं. खरी परीक्षा वळवाच्या पावसात. बघणाऱ्याला वाटतं, वादळ आलं की दोर आवळायचे. आमचे मुकादम केरळचे, ते पावसाचा पहिला थेंब पडला की ओरडायचे, "ढीला करो, ढीला!" सुती दोर भिजला की आखडतो, तसाच ठेवला तर खुंटी उपटतो, नाहीतर कापड फाडतो. पाऊस थांबून ऊन पडलं की तेच दोर पुन्हा ताणायचे. मधे छतावर पाणी साठून कापडाचं पोट सुटायचं, ते खालून बांबूने ढोसून बाहेर काढायचं. कधीकधी अख्खी रात्र त्यात जायची आणि दुसऱ्या दिवशी एक, चार आणि सातचा खेळ ठरल्या वेळेला व्हायचाच.

आणखी एक मनात राहिलंय. झोपाळ्याच्या खेळाआधी आम्ही जाळी ताणून द्यायचो. त्यानंतर कलाकार स्वतः येऊन एकेक हूक हाताने ओढून बघायचे. माणूस कितीही जुना असो, हा नेम मोडलेला मी पाहिला नाही.

*

मी तंबूतल्या सिनेमाचा. प्रोजेक्टर ट्रकमध्येच बसवलेला असायचा, ट्रक तंबूच्या टोकाला लावला की झालं थिएटर. माझ्याकडे रिळं गुंडाळायचं काम. ३५ मिलिमीटरच्या फिल्मचं हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं, म्हणजे बसायला उसंत नाही. एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं फिल्मच्या कडेला अलगद टेकवून ठेवायची. फाटलेलं भोक किंवा उसवलेला जोड डोळ्याआधी बोटाला कळतो. कळला की थांबायचं, टोकं सरळ कापायची, वरचा थर पात्याने खरवडायचा, फिल्म सिमेंट लावून दाबून धरायचं. ऑपरेटर काका हे गप्पा मारता मारता करायचे.

दिव्याला मात्र त्यांनी मला हात लावू दिला नाही. त्यात कार्बनच्या दोन कांड्या जळायच्या. त्या जळून आखूड होतील तसं मधलं अंतर सारखं राखावं लागतं, नाहीतर पडद्यावरचा उजेड लगेच ढळतो. जत्रेच्या मुख्य दिवशी गर्दी इतकी, की लोक पडद्याच्या मागेही बसायचे. त्यांना पाट्या उलट्या दिसायच्या, पण शिट्ट्या दोन्हीकडून सारख्याच!

*

आकाशपाळण्यावर होतो. पाळणे ओळीने भरायचे नसतात. एक भरला की अर्धा फेरा फिरवून समोरचा भरायचा. वजन एका अंगाला गेलं की इंजिन ओढत नाही आणि चाक ब्रेकला दाद देत नाही. मला हे काम मनापासून आवडायचं, तरी अठराच्या आतल्या पोराला ते देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

*

आमच्या घरामागच्या मैदानात सर्कस उतरायची. आई शिवणकाम करायची, त्यामुळे फाटक्या कपड्यांचं गाठोडं आमच्याकडे यायचं आणि टिकल्या लावायचं काम माझ्याकडे. मनगटाला आणि कमरेला टिकल्या लावायच्या नाहीत, हे आईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. जोडीदार तिथेच धरतो, हात सटकायला नको. काखेतली शिवण दुहेरी.

कपडे द्यायला गेले की माझ्याच वयाच्या मुली भेटायच्या. बऱ्याचशा नेपाळच्या, सात-आठ वर्षांच्या असल्यापासून रिंगणात. एकीने माझं भूगोलाचं पुस्तक मागून घेतलं आणि नकाशात आपलं गाव कुठे असेल ते शोधत बसली. माझं काम सुट्टीपुरतं होतं, तिचं नव्हतं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांना सर्कशीत कामाला ठेवायला मनाई केली, ती बातमी वाचून मला फार बरं वाटलं.

*

बंदीचा विषय निघालाच आहे तर लिहितो. मी पिंजऱ्यांच्या बाजूला पाणी भरायचो. पुण्याचे दामू धोत्रे अमेरिकेतल्या रिंगलिंग सर्कशीत हिंस्र श्वापदांचे खेळ करायचे, याचा मला लहानपणी कोण अभिमान! अजूनही आहे. पण वाघ दिवसभर त्याच चार पावलांत येरझारा घालताना जवळून पाहिला होता, त्यामुळे १९९८च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, अस्वलं, माकडं खेळातून गेली त्याचं वाईट वाटलं नाही.

*

वर जाळीच्या हुकांचं वाचलं आणि मौत का कुआँ आठवला. मी फळ्या उचलून द्यायचो. प्रत्येक फळीवर रंगाने आकडा टाकलेला, त्याच क्रमाने जोडायच्या. तळाशी तिरक्या फळ्यांचा कठडा, गाडी तिथे वेग घेऊन मग उभ्या भिंतीवर चढते. गाड्यांच्या हादऱ्याने बोल्ट सैल पडतात. म्हणून रोज सकाळी पहिला फेरा ज्याचा, तोच स्वार पाना घेऊन आत उतरायचा आणि भिंतीच्या कडेकडेने चालत फळ्या ठोकून बघायचा. आवाज बद्द आला की आम्हाला आकडा ओरडून सांगायचा. आम्ही बाहेरून तो बोल्ट आवळायचो. सगळ्या फळ्या ठोकून झाल्याशिवाय तिकिटाची खिडकी उघडत नसे.