घरातला एसी: युरोपात नको, अमेरिकेत हवाच. तुमच्याकडे काय चालतं?

राईनकाठी:
उन्हाळा लागला की पुण्याहून ठरलेला प्रश्न येतो, "इतका श्रीमंत देश, आणि घरात साधा एसी नाही?" काल परत आला, आणि २००३ चा ऑगस्ट आठवला. त्या उन्हाळ्यात एकट्या फ्रान्समध्ये पंधरा हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यात म्हातारी आणि एकटी राहणारी फार. त्यानंतर इतकी वर्षं लोटली तरी युरोपात पाचातल्या जेमतेम एका घरात एसी आहे. अमेरिकेत २०२० च्या सरकारी पाहणीत शंभरातल्या ८८ घरांत होता.

लोक म्हणतात हा स्वभावाचा फरक. मला विचाराल तर निम्मा फरक खिडकीचा आहे. अमेरिकेतली खिडकी खालून वर सरकते. एसीचा डबा खिडकीच्या उंबऱ्यावर ठेवा, पल्ला खाली ओढा, झालं. जर्मन खिडकी आत उघडते नाहीतर वरून तिरकी होते, तिच्यात डबा बसणार कुठे? मग बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं. त्याला घरमालकाची परवानगी, त्याच्या वर सोसायटीची. नाहीतर ते नळीवालं चाकांचं मशीन.

तर आपापल्या गावचं लिहा. काय बसतं, काय अडतं, मापं-आकड्यांसकट. "आमच्याकडे पंखासुद्धा लागत नाही" हे प्रतिसाद ऑक्टोबरात टाकावेत ही विनंती.

डॅलसकाका:
फिल्टर. आधी फिल्टर, मग बाकीच्या गप्पा.
सेंट्रल एसीच्या हवा खेचणाऱ्या जाळीमागे १६ बाय २५ बाय १ इंच असा काहीतरी फिल्टर असतो. माप घरागणिक वेगळं, जुन्याच्या कडेवर छापलेलं असतं ते वाचूनच नवा आणा. उन्हाळ्यात दर महिन्याला उघडून बघा, तीन महिन्यांवर ठेवूच नका. अ‍ॅलर्जी आहे म्हणून लोक मर्व्ह १३ चा (मर्व्ह म्हणजे गाळण्याचा दर्जा) दाट फिल्टर त्या एक इंची खोबणीत कोंबतात. हवा कमी पडते, कॉइलवर बर्फ धरतो, की लगेच "गॅस संपला" म्हणून माणूस बोलावतात आणि पैसे घालवतात. बर्फ दिसला तर कूलिंग बंद, फॅन 'ऑन', तीन-चार तास वितळू द्या, खाली टॉवेल अंथरा. मग नवा फिल्टर. परत धरला तरच गॅसचा संशय घ्या.
एरवी फॅन 'ऑटो'वर. 'ऑन' ठेवलात तर कंप्रेसर थांबल्यावर कॉइलवरचं पाणी वाळून परत घरातच येतं. घर गार आहे पण अंग चिकट, ही ह्यूस्टनकडची तक्रार बरेचदा यातूनच. दुसरं कारण गरजेपेक्षा मोठं मशीन. ते दहा मिनिटांत थंड करून थांबतं, दमटपणा ओढायला त्याला वेळच मिळत नाही. नवीन बसवताना "चौरस फुटांवर अंदाज नको, मॅन्युअल जे चा हिशोब दाखव" म्हणून सांगायचं, म्हणजे घराला किती थंडावा लागतो त्याचा रीतसर हिशोब. दाखवला नाही तर दुसरा गाठा.

सई_ऑस्टिन:
काका, छताला पिवळा डाग पडलाय, बरोबर एसीच्या खाली. हेही फिल्टरच का?

डॅलसकाका:
नाही गं, ती ड्रेनची पाऊण इंची पाइप तुंबली. बाहेर भिंतीतून निघालेलं तिचं टोक शोध, त्याला ओला व्हॅक्यूम लाव, जोडाला फडकं गुंडाळ, दोन-तीन मिनिटं खेच. हिरवट शेवाळ निघेल. मग आतल्या टी-तोंडातून कपभर पांढरं व्हिनेगर, अर्ध्या तासाने साधं पाणी. ब्लीच नको. आणि दुय्यम ट्रेमध्ये फ्लोट स्विच आहे का बघ. तो असता तर पाणी भरताच मशीन आपोआप थांबलं असतं, डाग पडलाच नसता. नसेल तर आजच बसवून घे.

पिठलंभाकरी (फ्रँकफर्ट):
भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी, नळीवाल्या मशीनबद्दल.
खिडकीच्या पल्ल्याचा पूर्ण घेर मोजा. चेनवालं कापडी सील साधारण ४ मीटरचं मिळतं, बाल्कनीच्या दाराला ५.६ चं लागतं. चौकट स्पिरिटने पुसून वेल्क्रो चिकटवा आणि एक दिवस हात लावू नका, नाहीतर गरम नळीने डिंक सुटतो नि कापड लोंबतं. नळी ताणायची नाही, वळवायची नाही. ती स्वतःच तापते आणि खोलीत उष्णता सोडते, तेव्हा तिला फॉइलचं आवरण घाला.
खरी गोम वेगळीच आहे. एक नळीचं मशीन खोलीतलीच हवा बाहेर फेकतं. जेवढी गेली तेवढी कुठूनतरी आत येणारच, आणि दुपारी ती येते ३५ अंशांची. म्हणून दक्षिणेच्या खिडक्या घट्ट बंद ठेवा, हवा जिना किंवा उत्तरेच्या बाजूने येऊ द्या. दोन नळ्यांचं याहून बरं. हल्ली दोन तुकड्यांची मशीनं आली आहेत, गरम तुकडा बाल्कनीत आणि मधली चपटी नळी खिडकीच्या फटीतून. गॅस कारखान्यातच भरून सीलबंद असतो, त्यामुळे जोडायला माणूस लागत नाही. परवडलं तर तेच घ्या.
आवाज ६० डेसिबलच्या वर असतो, झोपेत चालणार नाही. आठ ते अकरा बेडरूम गार करून बंद करा.

टिवल्याबावल्या:
आमच्याकडे सहा महिने हीटिंगच्या बिलावरून भांडण, उरलेले सहा महिने एसी घ्यावा का यावरून. घर तापतंच.

क्वीन्सवाली:
राईनकाठी, "ठेवा, ओढा, झालं" इतकं सोपं नाही हो! न्यूयॉर्कच्या पाचव्या मजल्यावरून तो डबा खाली गेला तर झालंच.
खाली आधाराचा ब्रॅकेट हवाच. डबा बाहेरच्या बाजूला किंचित उतरता. वर उचललेल्या पल्ल्याच्या खोबणीत एल आकाराची पट्टी स्क्रूने ठोका, म्हणजे कोणी चुकून खिडकी उघडणार नाही. आणि सगळे विसरतात ती जागा: खालचा पल्ला वर सरकला की त्याच्या आणि वरच्या काचेच्या मध्ये बोटभर फट राहते. डब्याच्या बाजूच्या सरकत्या पट्ट्या लोक टेप लावून बंद करतात आणि या फटीतून गरम हवा, वर डास. फोमची पट्टी तिथे दाबून भरा.
आतून चळक चळक आवाज येतो तो बिघाड नाही. खालचं पाणी पंख्याची कडी मागच्या कॉइलवर उडवते, त्याने मशीन कमी तापतं. यूट्यूब बघून तळाला भोक पाडू नका.
किती मोठा? १५० चौरस फुटांना ५,००० बीटीयू (थंड करण्याच्या ताकदीचं माप), २५० पर्यंत ६,०००, ३५० ला ८,०००. ऊन थेट येत असेल तर दहा टक्के वाढवा, स्वयंपाकघर असेल तर ४,०००. एक्स्टेंशन वायर नाही म्हणजे नाही. मायक्रोवेव्ह त्याच सर्किटवर असेल तर चहा गरम करताना ब्रेकर पडणार, आधी बघून घ्या.

वाळवंटातला_वाटाणा:
फीनिक्समध्ये हा चैनीचा प्रश्नच नाही. २०२३ मध्ये लागोपाठ ३१ दिवस ११० फॅरनहाइट किंवा वर, म्हणजे ४३ अंश सेल्सिअस. शहराचा नियमच आहे: भाड्याच्या घरात एसी असेल तर खोली ८२ फॅरनहाइटच्या वर जाता कामा नये, कूलर असेल तर ८६. न्यूयॉर्कला मालकावर हिवाळ्यात हीटिंग द्यायची सक्ती, इथे उलटं.
हो, कूलर! आपलाच, छतावर बसवलेला. मे-जूनमध्ये हवा कोरडी असते तोवर झकास. जुलैत मान्सूनची दमट हवा आली की नुसता ओला वारा. दवबिंदू १३ अंशांच्या वर गेला की कूलर बंद करून एसी लावायचा.

ऑरेंजसिटी:
नागपूरकर हजर! कूलर लावून खिडकी बंद ठेवणाऱ्यांना शिक्षा असायला हवी. ओली हवा बाहेर जायला वाट ठेवा, कूलरच्या समोरच्या बाजूची. आणि टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण बदला. वर नुसती भर घालत राहिलात तर क्षार साठून पॅड दगड होतात, डासांची सोय होते ती वेगळीच. वाळ्याचे ताटे वासाला उत्तम, पण दर हंगामाला नवे.

वाळवंटातला_वाटाणा:
वाळा इथे मिळत नाही हो. कोणी येतंय का इकडे?

ऑरेंजसिटी:
गवताचे ताटे घेऊन विमानतळावर? कस्टमवाला मलाच वाळत घालेल.

मोंमार्त्र:
पॅरिसमध्ये सर्वांत वाईट हाल जस्ताच्या छपराखालच्या खोल्यांचे. पत्रा तापतो, खाली इन्सुलेशन नावापुरतं, आणि खिडकी छपरातच. तिथे आतून पडदा लावून उपयोग शून्य, ऊन काचेतून आत येऊन बसलेलं असतं. कापड बाहेरून हवं.
स्प्लिट बसवायचा तर दर्शनी भिंत बदलते म्हणून इमारतीच्या सर्वसाधारण सभेत मत घ्यावं लागतं. ही सभा बहुधा वर्षातून एकदा. उकाड्यात जाग आली तर ती सभा होऊन गेलेली असते. विषयपत्रिकेत नाव घालायचं तर रजिस्टर पत्र काही महिने आधी, सोबत मशीनचं माप, आवाजाचे आकडे आणि ते कुठे बसणार त्याचा फोटो. आतल्या चौकात बसवतो म्हटलं तर होकार मिळण्याची शक्यता जास्त. जवळ ऐतिहासिक वास्तू असेल तर सरकारी वास्तुतज्ज्ञ वेगळा.
२०२४ च्या ऑलिम्पिकला खेळाडूंच्या घरांत एसी नव्हता, जमिनीखालून गार पाणी खेळवलं होतं. तरी पथकांनी भाड्याने फिरती मशीनं आणवलीच. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात कट्टर उजव्या पक्षाच्या ल पेनबाईंनी एसीचा राष्ट्रीय आराखडाच मागितला. आता एसी हवा म्हटलं की आधी पक्ष विचारतात.

म्युनिककर:
शटरबद्दल कोणीच बोललं नाही? बाहेरचा रोलर पूर्ण पाडला तर उन्हाचा फार मोठा हिस्सा काचेला लागतच नाही. पूर्वेचा उजाडायच्या आत, पश्चिमेचा बाराच्या आत. डोळ्यांना त्रास झाल्यावर पाडलात तर उशीर झालेला असतो.
दोन थर्मामीटर घ्या, एक आत, एक बाहेर सावलीत. बाहेर आतल्यापेक्षा दोन अंश कमी झालं की समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा. तिरकी केलेली खिडकी रात्री काही कामाची नाही, हवा फिरत नाही. सकाळी बाहेरचं तापमान चढायला लागलं की सगळं बंद. जाड विटांची भिंत दिवसभर तग धरते. मात्र सलग तीन-चार रात्री २० च्या खाली उतरल्या नाहीत तर भिंती गार होत नाहीत, मग हा उपाय संपला.
स्प्लिट लावणाऱ्यांनी आवाज आधी तपासा. निव्वळ रहिवासी भागात रात्री ३५ डेसिबल, साध्या रहिवासी भागात ४०. तेही शेजाऱ्याच्या उघड्या खिडकीपाशी मोजतात. दोन भिंतींच्या कोपऱ्यात मशीन ठेवलं की आवाज वाढतो. खाली रबर, वर नाइट मोड.

जिनीव्हाची_जाई:
आमच्याकडे कायमचा एसी बसवायला कँटनची (इथल्या प्रांताची) परवानगी, आणि गरज पटवून द्यावी लागते. "उकडतंय" हे कारण धरत नाहीत.

माद्रिदमामा:
युरोप युरोप काय करताय? स्पेनमध्ये दुकानांत, घरांत स्प्लिट भरपूर. २०२२ मध्ये सरकारने दुकानं-कार्यालयांना २७ च्या खाली नेऊ नका म्हटलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. घरांना तो नियम नव्हता. इथला शहाणपणा म्हणजे खिडकीवर कापडी छत, दहाला पट्ट्यांचा पडदा खाली, आणि एसी झोपायच्या खोलीतच. एसीचं बाहेर सोडलेलं पाणी मात्र पाइपला जोडा, खालच्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलं तर भांडण ठरलेलं.

गॅसवाला:
नवीन घेताना लेबल वाचा. युरोपात १ जानेवारी २०२५ पासून ३ किलोच्या आतल्या सिंगल स्प्लिटमध्ये ७५० च्या खालचाच गॅस चालतो (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो तो आकडा). आर३२ चा ६७५ आहे. अमेरिकेत त्याच तारखेपासून घरगुती नव्या मशीनला मर्यादा ७००, तिथे आर४५४बी जास्त दिसेल, ४६६. जुना आर४१०ए २०८८ चा. जुन्या मशीनमध्ये नवा गॅस भरून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. हे नवे गॅस थोडे ज्वलनशील आहेत, जुनं मशीन त्यासाठी बनलेलं नाही.
गळती बहुतेक फ्लेअरच्या जोडालाच, म्हणजे तांब्याच्या नळीचं तोंड पसरवून नटने आवळतात तिथे. पाव इंची नटला १४ ते १८ न्यूटन मीटर, टॉर्क पान्यानेच. जास्त आवळलं तर तांबं चिरतं आणि ते महिन्याभराने कळतं. नंतर पंपाने नळीतली हवा काढून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत (इथे मायक्रॉन हे दाबाचं माप), पंप बंद करून दहा मिनिटं थांबा. काटा झपाट्याने चढत राहिला तर गळती, थोडा चढून थांबला तर आत ओल. "पंप कशाला, गॅसनेच हवा काढतो" म्हणणारे इथेही आहेत आणि तिथेही.

नाशिकची_मावशी:
एवढं सगळं वाचलं, पण माझा प्रश्न राहिलाच. जुलैत श्टुटगार्टला मुलाकडे जातेय. तो म्हणतो रात्री खिडक्या उघड्या ठेवायच्या. जाळ्या असतात का?

म्युनिककर:
मावशी, बहुतेक घरांत नसतात. अमेरिकेत खिडकीबरोबरच येतात, इथे आपण लावायच्या. १३० बाय १५० सेंटीमीटरची वेल्क्रोवाली जाळी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. खिडकी आत उघडते म्हणून जाळी चौकटीच्या बाहेरच्या कडेला, आतून हात घालून लावायची. आधी वरची बाजू, मग बाजूच्या, खालची शेवटी, उरलेली कात्रीने कापायची. रोलर पाडताना जाळीला घासत नाही ना ते बघायला सांगा, दोन्हींच्या मध्ये सेंटीमीटरभर जागा हवी.

नाशिकची_मावशी:
त्याला सांगते. तोवर बॅगेत ओडोमासच्या चार ट्यूब टाकते. आणि फोडणी सकाळी सातलाच घालायची का मग?

पिठलंभाकरी (फ्रँकफर्ट):
सातलाच, मावशी, खिडक्या बंद करायच्या आत. आणि कुकर बाल्कनीत उघडा.