मदत हवी आहे: घरी केलेला सेन्सर बार संगणक ओळखत नाही, ड्रायव्हर कुठे मिळेल?

निळासावळा (शुक्रवार, रात्री ९.१२)
नमस्कार. मोशन कंट्रोलरसाठी (हात हलवून खेळायचा रिमोट) घरीच इन्फ्रारेड सेन्सर केला आहे. यूएसबीला लावला तर काहीच होत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसत नाही, 'टुंग' असा आवाजही येत नाही. वायर बदलली, पोर्ट बदलला. याचा ड्रायव्हर कुठून उतरवायचा एवढंच सांगा. रविवारी सकाळपर्यंत चालू व्हायलाच हवं. कृपया 'गुगल करा' म्हणू नका, दोन दिवस तेच करतोय.

बोरघाट (९.२०)
कोणता कंट्रोलर? सेन्सरमध्ये काय काय जोडलंय? विंडोज की लिनक्स? कोणत्या सॉफ्टवेअरवर? एवढ्या माहितीवर कोणालाच काही सांगता येणार नाही. फोटो टाका.

चिंचेचं पान (९.२४)
सोनीचा मूव्ह असेल तर त्याला इन्फ्रारेड लागतच नाही. त्याच्या टोकावर रंगीत दिव्याचा गोळा असतो आणि समोरचा कॅमेरा तो गोळा बघतो. तुम्हाला कॅमेरा घ्यावा लागेल.

निळासावळा (९.३१)
सोनीचा नाही, निन्टेन्डोच्या वी या खेळयंत्राचा. पांढरा, टीव्हीच्या रिमोटसारखा. इन्फ्रारेड म्हटल्यावर कळेल असं वाटलं होतं. मामेभाऊ अमेरिकेहून आला तेव्हा देऊन गेला. त्याचं यंत्र बिघडलंय, रिमोट आणि डिस्क आहेत. विंडोज १०, डॉल्फिन एम्युलेटर (वीचे खेळ संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर). ब्लूटूथवर रिमोट जोडला जातो, बटणं चालतात, हात हलवला की खेळात कळतं. फक्त पडद्यावर तो हाताचा पंजा येत नाही, त्यामुळे मेनूतच अडकतो. यंत्रासोबत मिळणारी पट्टी, म्हणजे सेन्सर बार, नव्हती म्हणून मी केली. तिचा ड्रायव्हर हवाय.

मायक्रोमामा (९.४०)
नुसता सेन्सर यूएसबीला लावून संगणकाला कसा कळेल? मधे मायक्रोकंट्रोलर हवा. अर्डुइनो नॅनो घ्या, टीएसओपी १७३८ लावा (इन्फ्रारेड रिसीव्हर, तीन पायांचा, काळा), बाहेर पडणारे आकडे सिरियलवर पाठवा. माझ्याकडे तयार कोड आहे, टीव्हीच्या रिमोटने मी गाणी बदलतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो.

ओहम (९.५८)
मामा, तुमचा कोड चांगला असेल, पण इथे त्याचं काम नाही. टीएसओपी १७३८ फक्त ३८ किलोहर्ट्झने उघडझाप करणारा प्रकाश ओळखतो. वीच्या पट्टीतला प्रकाश सलग असतो, तो याला दिसणारच नाही.

निळासावळा, नावावर जाऊ नका. सेन्सर बार हा सेन्सर नाही. डोळा रिमोटमध्ये आहे, बार म्हणजे दोन दिवे. रिमोटच्या नाकाशी काळी काच आहे ना, तिच्यामागे छोटा इन्फ्रारेड कॅमेरा बसवलेला असतो. तो एका वेळी जास्तीत जास्त चार प्रकाशबिंदू पकडतो आणि त्यांच्या जागा १०२४ x ७६८ च्या चौकटीत मोजून ब्लूटूथवरून पाठवतो. बार संगणकाला काहीच पाठवत नाही. मूळ कंपनीच्या पट्टीतही दोन टोकांना पाच-पाच इन्फ्रारेड एलईडी असतात, बस. त्यामुळे ड्रायव्हर शोधणं थांबवा, असा ड्रायव्हर नसतोच. यूएसबीच्या लाल आणि काळ्या तारेतून फक्त पाच व्होल्ट हवेत. हिरवी आणि पांढरी तार मोकळी सोडली असेल तर बरोबर केलंत. तीच पट्टी मोबाइलच्या चार्जरला लावली तरी चालेल.

तेव्हा खरा प्रश्न वेगळा आहे: दिवे लागतात का?

सातभाई (१०.०५)
ओहम यांना +१. तोवर खात्री करायची तर सोपा उपाय: दोन मेणबत्त्या. पडद्याखाली वीतभर अंतरावर लावा, खोलीतला दिवा घालवा, रिमोट रोखा. ज्योतीत भरपूर इन्फ्रारेड असतं, कॅमेऱ्याला दोन ठिपके पुरतात. पंजा आला तर रिमोट आणि डॉल्फिन ठीक, चूक तुमच्या पट्टीत.

देवराई (१०.११)
मेणबत्तीचा सल्ला कृपया कोणी घरात लहान मूल असताना पाळू नका. मॉनिटरच्या प्लास्टिकखाली उघडी ज्योत, वर पडदा, आणि समोर कोणीतरी हातवारे करतंय. आमच्या शेजारी समईने पडदा पेटला होता, दोन मिनिटांत सगळं झालं.

सातभाई (१०.१५)
ताई, दोन मिनिटांच्या चाचणीसाठी म्हटलंय, मोठ्या माणसाने समोर उभं राहून. रात्रभर खेळायला नाही.

देवराई (१०.१८)
वाचणारा तेवढंच लक्षात ठेवेल याची खात्री नाही, म्हणून लिहिलं.

खडूफळा (१०.३०)
वी-रिमोटचं नाव वाचून राहवलं नाही. २००७ च्या डिसेंबरमध्ये जॉनी ली नावाच्या संशोधकाने याच रिमोटपासून स्वस्तातला स्मार्ट फळा कसा करायचा ते दाखवलं. आम्ही २०१० साली शाळेत तो केला. तिथे उलट असतं: रिमोट स्टँडवर बांधून फळ्याकडे रोखायचा आणि हातात इन्फ्रारेड पेन. पेन म्हणजे जुन्या स्केचपेनच्या नळीत एक एलईडी, एक दीड व्होल्टचा सेल आणि दाबायचं बटण. प्रोजेक्टरच्या चित्राचे चार कोपरे पेनने टोचले की संगणकाला फळा कळतो, मग पेन माऊससारखा चालतो. अडचण एकच, शिक्षकाची पाठ मधे आली की रिमोटला पेन दिसत नाही. मी डाव्या बाजूला सरकून लिहायची सवय लावली होती, अजून खडूने लिहितानाही तसाच उभा राहतो. सातवीच्या मुलांनी कोनमापकावर कोन आखले त्या फळ्यावर. प्रोजेक्टरचा दिवा गेला आणि ते बंद पडलं, नव्या दिव्याची किंमत शाळेला झेपली नाही.

बोरघाट (१०.३४)
सर, यावर वेगळा धागा काढा, मनापासून सांगतो. आकृती असेल तर तीही टाका.

निळासावळा (१०.४१)
सर, छान आहे, पण माझं पहिलं अडलंय. ओहम, दिवे लागतात की नाही कसं कळणार? इन्फ्रारेड डोळ्याला दिसत नाही ना. मोबाइलने बघा असं एकाने लिहिलं होतं, बघितलं, काही दिसलं नाही.

ओहम (१०.४४)
मोबाइलच्या कोणत्या कॅमेऱ्याने? मागच्या कॅमेऱ्यात बहुधा इन्फ्रारेड अडवणारी काच असते. सेल्फीच्या कॅमेऱ्याने बघा, अंधारात, एलईडीच्या टोकाकडून. आधी टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून खात्री करा.

निळासावळा (१०.५५)
दिसलं! डावीकडच्या दोन मंद जांभळट दिसतात. उजवीकडच्या दोन अजिबात नाहीत. पाय उलटे करून पाहिले, तरी नाही. चारही एकाच दुकानातून आणल्यात, बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळ.

बोरघाट (१०.५८)
उजवीकडच्या दिसायला डावीकडच्यांसारख्याच आहेत का?

निळासावळा (११.०३)
नाही, डावीकडच्या पारदर्शक, उजवीकडच्या काळ्या. दुकानात 'सेन्सरसाठी इन्फ्रारेड' मागितलं तर त्यांनी चार जोड्या दिल्या. एक पाठवणारी, एक घेणारी. म्हणून एका टोकाला दोन पाठवणाऱ्या आणि दुसऱ्या टोकाला दोन घेणाऱ्या लावल्या. सेन्सर आहे म्हटल्यावर काहीतरी घेणारं हवंच असं वाटलं.

ओहम (११.१०)
सापडलं. काळ्या आहेत त्या फोटोडायोड. त्या प्रकाश ओळखतात, देत नाहीत. रोबोटच्या रेषा ओळखायला ही जोडी विकतात, त्यामुळे दुकानदाराची चूक म्हणता येणार नाही. तुमच्या पट्टीला एकच टोक उजळतंय. रिमोटला दोन ठिपके लागतात, कारण दोघांमधली रेघ तिरकी झाली की त्याला हात तिरका झाल्याचं कळतं आणि ठिपके जवळ आले की तुम्ही लांब गेल्याचं. चार जोड्या म्हणजे चार पारदर्शक तुमच्याकडे आहेत, पुडीत दोन उरल्या असतील. त्या उजवीकडे लावा. दोन्ही टोकांत सुमारे २० सेंटिमीटर अंतर ठेवा.

कपिलाषष्ठी (११.२२)
एवढी मेहनत करण्यापेक्षा किनेक्ट (मायक्रोसॉफ्टचा हालचाल ओळखणारा कॅमेरा) घ्या. २०१० साली आलं, हातात काही धरावं लागत नाही, पूर्ण अंग ओळखतं. जुनं स्वस्तात मिळतं.

बोरघाट (११.२५)
त्यांना रविवारी हवंय, किनेक्ट शोधायला वेळ कुठे आहे? शिवाय जुन्या किनेक्टला संगणकावर लावायला वेगळा वीजजोड लागतो. आणि डिस्क वीची आहे.

निळासावळा (शनिवार, सकाळी ८.०२)
पंजा आला!! रात्री एक वाजता सोल्डर केलं. ओहम, बोरघाट, खूप आभार. पण मीटरभर अंतरावरच येतो. पलंगापर्यंत मागे गेलो की लुप्त. दुसऱ्या एलईडी आणू का?

ओहम (८.३०)
रेझिस्टर कोणता लावलाय?

निळासावळा (८.३३)
त्यांनी दिला तो.

बोरघाट (८.३४)
त्यावरचे रंगीत पट्टे वाचा.

निळासावळा (८.३६)
लाल, लाल, तपकिरी, मग सोनेरी.

ओहम (८.४८)
२२० ओहम. एका एलईडीवर साधारण १.३ व्होल्ट पडतात, दोन ओळीने म्हणजे २.६. पाचातून उरले २.४. भागिले २२०, जेमतेम ११ मिलिअँपिअर. दिवा लागतो पण मिणमिणता. प्रत्येक टोकाला ४७ ओहमचा लावा (पिवळा, जांभळा, काळा), ५० मिलिअँपिअर मिळतील. दोन्ही मिळून शंभर, यूएसबीला ते जड नाही. पाव वॅटचा पुरतो.

गवंडी (९.०५)
रेझिस्टर हवाच कशाला? चार एलईडी एका ओळीत लावा, १.२५ गुणिले ४ बरोबर ५ व्होल्ट. माझी पट्टी तीन वर्षं अशीच चालू आहे.

ओहम (९.१४)
तुमची चालली, त्यांची चालेल याची हमी नाही. यूएसबीचे पाच व्होल्ट कधी ४.७५ असतात, कधी ५.२५. रेझिस्टर नसेल तर एवढ्याशा फरकाने प्रवाह कितीतरी पटीने बदलतो. त्यात एलईडी तापली की तिचे व्होल्ट उतरतात, प्रवाह आणखी वाढतो, ती आणखी तापते. रेझिस्टर रुपयाला मिळतो, नव्या माणसाला तो काढून टाकायला सांगू नका.

गवंडी (९.२०)
मी अनुभव सांगितला. तरी ५० मला जास्त वाटतं, स्वस्तातल्या एलईडी असतात. ६८ लावा, ३५ मिलिअँपिअर.

ओहम (९.२२)
६८ ला माझी हरकत नाही.

बोरघाट (९.४०)
निळासावळा, पलंग म्हणजे? उभं राहून खेळणार नाही का? पडद्यापासून किती लांब, आणि समोर की बाजूला?

निळासावळा (९.५२)
हे आधीच लिहायला हवं होतं. माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, पाय प्लास्टरमध्ये आहे, अजून तीन आठवडे. ताई त्याला रविवारी आमच्याकडे सोडणार. दिवाणावर उशीला टेकून बसेल. त्याला बोलिंग खेळायचंय, मी फोनवर कबूल करून बसलोय. दिवाण पडद्यापासून अडीच मीटरवर, डाव्या भिंतीला लागून. म्हणजे तिरका.

ओहम (१०.०१)
हे महत्त्वाचं होतं. या एलईडींचा झोत अरुंद असतो. समोरून ठीक, तिरक्या बाजूला बसलेल्याला अंधार. दोन गोष्टी करा. बारीक पॉलिश पेपरने टोकाची गोलाई घासून सपाट करा, प्रकाश पसरतो. आणि प्रत्येक टोकातली एक एलईडी दिवाणाच्या दिशेने किंचित वाकवा, दुसरी सरळ राहू द्या. मूळ पट्टीतही सगळ्या सरळ नसतात, बाहेरच्या थोड्या बाहेर आणि आतल्या थोड्या आत वळलेल्या असतात. पट्टी मॉनिटरच्या खाली ठेवा, तो खालून बघणार आहे. डॉल्फिनमध्ये बार वर की खाली ते निवडायला विसरू नका, नाहीतर पंजा सरकलेला दिसेल.

चिंचेचं पान (१०.१५)
बोलिंगचा चेंडू टाकताना पंजा लागत नाही, हे भाच्याला सांगा. तो झोका रिमोटमधला ॲक्सेलरोमीटर (हालचाल ओळखणारी चिप) मोजतो. बार लागतो तो मेनूत निवड करायला. म्हणजे खेळता खेळता उशीवरून घसरला तरी डाव अडणार नाही. आणि रिमोटची मनगटातली दोरी घालायला लावा, मॉनिटर जवळ आहे.

देवराई (१०.२०)
प्लास्टरखाली उशी द्या, पाय लटकता ठेवू नका. माझ्या मुलाला खेळाच्या नादात कळलं नव्हतं, संध्याकाळी बोटं सुजली होती.

निळासावळा (शनिवार, रात्री १०.४७)
६८ वाले मिळाले, लावले. टोकं घासली, वाकवली. पट्टी म्हणजे फुटपट्टी आहे, टोकांत २० सेंटिमीटर. दिवाणावरून पंजा येतो. दुपारी मात्र थरथरत उडत होता.

बोरघाट (१०.५५)
पडद्याच्या मागे खिडकी आहे का? उन्हात इन्फ्रारेड ठासून भरलेलं असतं, रिमोटला तोही एक ठिपका वाटतो. जुना पिवळा बल्ब किंवा चकचकीत टेबलावरचं प्रतिबिंबही तसंच करतं.

निळासावळा (रविवार, रात्री ९.३०)
खिडकीच होती. चादर टांगली. सकाळी अकरा ते दीड खेळला, मग जेवून पुन्हा. पाय उशीवर होता, देवराई ताई. शेवटच्या डावात मी हरलो, पंजाचा काही त्रास नाही. आता तो विचारतोय की पुडीतल्या काळ्यांचं काय करायचं. मायक्रोमामा, रेषेवरून चालणारी गाडी नऊ वर्षांच्या मुलाला बसल्या जागी जोडता येईल का? तीन आठवडे आहेत.

मायक्रोमामा (९.३८)
येईल. सोल्डरगन तुम्ही धरा, बाकी त्याला करू द्या. दोन काळ्या, दोन पारदर्शक, एक एलएम३५८ चिप, दोन गिअर मोटर. पारदर्शक तुमच्या पट्टीतल्या काढू नका, नव्या आणा. यादी उद्या सकाळी टाकतो.