नणंदबाईंची दिवाळीची गिफ्टं, सल्ला हवाय (यंदा सोलापुरात सोलापुरी चादर आली!)

जुळेसोलापूरकरीण:
लग्नाला चार वर्षं झाली, नणंदबाई नागपूरला असतात, स्वभावाने सोनं, भांडण वगैरे काही नाही हे आधीच सांगते. पण दिवाळीला त्या जे पाठवतात ना त्याचं मला कोडंच पडतं. पहिल्या वर्षी उलटं फिरणारं घड्याळ, आकडेपण उलटे, १२ च्या डावीकडे १. मग केळ्याचे काप करायचं पिवळं प्लास्टिकचं यंत्र. तिसऱ्या वर्षी लोकरीची पिशवी, त्यात दोघांनी मिळून पाय घालून बसायचं म्हणे, सोलापुरात!! आणि यंदा चादर, वर चिठ्ठी 'अस्सल सोलापुरी'. नवरा हसून हसून लोळला, सासूबाई म्हणतात तिचं लहानपणापासून असंच. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी त्या इकडे येणारेत. या वस्तूंचं काय करू आणि त्यांना परत काय देऊ?

कडकभाकरी:
घड्याळ लावा की ओ हॉलमध्ये, पाहुणे लवकर उठून जातील 😄 केळ्याचं यंत्र हळदीकुंकवाला वाण म्हणून देऊन टाका, रथसप्तमीपर्यंत वेळ असतो. फक्त नणंदबाई नागपूरला परत गेल्यावर द्या हां.

मागवाला:
बाकी राहू द्या, चादर उलटी करून बघा आधी. आमच्या घरात आजोबांपासून माग होते म्हणून सांगतो, आपली चादर जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर विणतात, नक्षी छापत नाहीत. पुढून लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर मागून पांढऱ्यावर लाल मोर दिसणार, दोन्हीकडून वापरता येते. २००५-०६ ला जीआय, म्हणजे त्या गावचाच माल म्हणून सरकारी शिक्का मिळाला तरी बाहेर पानिपतचा माल सोलापुरी म्हणून खपवतात. हातात घेतली की वजनावरूनपण कळतं.

जुळेसोलापूरकरीण:
बघितली. मागची बाजू नुसती पांढुरकी, मोराचा पत्ता नाही 😭 नागपुरात कुठल्यातरी प्रदर्शनात घेतली म्हणे.

नागपूरची_सून:
ताई, त्यांना हे सांगू नका प्लीज. आणि एक विचारू का, फोनवर तुम्ही काही बोलला होता का, त्यावरून तर नाही ना घेत त्या? माझी मावससासू अशीच आहे, मी एकदा गुडघा दुखतो म्हटलं तर तीन प्रकारचे पट्टे आले.

जुळेसोलापूरकरीण:
अगं बाई. लग्नानंतर पहिल्याच फोनमध्ये मी म्हटलं होतं तुमच्या भावाला घड्याळ उलटंच कळतं, सातला येतो म्हणतात नऊला येतात. आणि पायांचं पण आठवलं, उन्हाळ्यात एसी लावला की पाय गार पडतात असं बोलले होते. चादर विरली हे तर गणपतीतच सांगितलेलं. केळ्याचं मात्र काही लागत नाही, मी केळं खातच नाही.

कडकभाकरी:
मग परत द्यायचं सोप्पंय, त्या माहेर सोडून लांब राहतात ना, त्यांना इथलंच द्या. शेंगा चटणी उखळात कुटलेली घ्या, मिक्सरची भुगा होते, कुटलेलीला कसं तेल सुटून गोळा धरतो. सोबत ज्वारीच्या कडक भाकरी, बरेच दिवस टिकतात. तेल झिरपतं म्हणून डब्याला आधी प्लास्टिक, त्यावर टॉवेल गुंडाळा, टॉवेलपण सोलापुरीच घ्या म्हणजे तेही गिफ्टमध्ये धरता येतं. भाकरीचे तुकडे झाले तर होऊ द्या, शेवटी चुरूनच खायच्यात.

मागवाला:
एक खरी चादर पण द्या. काही बोलू नका, त्यांचं त्यांना कळेल.

जुळेसोलापूरकरीण:
नको हो, वाईट वाटेल त्यांना. चटणी-भाकरी-टॉवेल फिक्स. घड्याळ आजच लावलं, त्या यायच्या आत सवय तरी होईल. पण आता वेगळीच धाकधूक लागलीय, मागच्या आठवड्यात फोनवर मी सहज बोलून गेले की गच्चीत कबुतरं फार झालीत.