पृथ्वीच्या पोटातलं लोखंड वितळलेलं, मग होकायंत्र चालतं कसं?

हर्णैचा_तांडेल:
मंडळी, बोटीत जीपीएस आहे पण आजोबांचं पितळी होकायंत्र अजून केबिनमध्ये लटकतंय. काल पोराने विचारलं बाबा पृथ्वीच्या पोटात मोठा चुंबक आहे का, मी म्हटलं हो, तर म्हणतो लोखंड ७७० अंशांवर तापलं की चुंबकपणा जातो आणि आत तर हजारो अंश! झाली पंचाईत.

पेजवाला:
पोराला आधी शाबासकी द्या. आत चुंबक नाहीच, जनरेटर आहे. साधारण २९०० किमी खाली वितळलेल्या लोखंड-निकेलचा थर लागतो, २२०० किमीहून जाड. वरून थंड होतो म्हणून पेज रटरटते तसा वरखाली होत राहतो, वेग मात्र वर्षाला दहा-वीस किमी, गोगलगाय पुढे जाईल. त्यात पृथ्वी फिरतेय म्हणून प्रवाह सरळ न जाता पिळवटतात. आता चुंबकीय क्षेत्रात वीजवाहक द्रव हलला की करंट तयार होतो आणि त्या करंटचं क्षेत्र मूळ क्षेत्राला परत जोर देतं. सायकलचा डायनॅमोच, फक्त आतला चुंबकपण स्वतःच बनवलेला.

उगाच_शंका:
मग पहिलं क्षेत्र आलं कुठून? हे कोंबडी आधी की अंडं झालं.

पेजवाला:
अहो विरजण किती लागतं? चमचाभर. तसं सूर्याकडचं अगदी क्षीण क्षेत्रसुद्धा पुरतं. पण ढवळणं फुकट होत नाही हां, आतला घन गोळा हळूहळू गोठत वाढतोय, गोठताना उष्णता आणि हलकी द्रव्यं सुटतात, ती वर चढतात, त्यावर सगळं चालू. मंगळाचं दुकान सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वीच बंद पडलं. गुरूला तर लोखंडही लागत नाही, तिथे प्रचंड दाबाने हायड्रोजनच धातूसारखा होतो.

अलिबागकर:
विषय निघालाय म्हणून, आमच्याकडची चुंबकीय वेधशाळा आधी मुंबईत कुलाब्याला होती. तिथे विजेच्या ट्राम येणार, करंटने नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली अलिबागला आणली. ट्राम कधीच गेल्या, वेधशाळा आहे. आणि आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात बऱ्याच ठिकाणी चुंबकीय दिशा आजच्या उलटी सापडते, लाव्हा थिजला तेव्हा ध्रुवच उलटे होते.

हर्णैचा_तांडेल:
विरजण घरात सगळ्यांना पटलं 😄 पण पोरगं आता विचारतंय, परत उलटं झालं तर होकायंत्र दक्षिण दाखवणार का?

पेजवाला:
दाखवेल की. शेवटची उलटापालट सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वी झाली, आणि व्हायला लागली तरी हजारो वर्षं चालते. तोवर तुमची बोट भंगारात.