प्रतिसाद: मातीच्या ब्लॉकचं घर स्वतः बांधायला शिकताना

वर कुणीतरी विचारलंय की चार दिवसांच्या ट्रेनिंगात घर बांधायला येतं का, तर नाही ओ, पण माती ओळखायला नक्की येतं आणि खरं काम तेच हाय. बाटलीत माती नि पाणी हलवून ठेवायचं, वाळू खाली बसते, चिकणमाती वर. आमच्या खानापूरकडची तांबडी माती ५ ते ८ टक्के सिमेंट घालून प्रेसमध्ये (ब्लॉक दाबायच्या मशीनमध्ये) दाबली की ब्लॉक तयार, भट्टी नको, पण काळ्या मातीला चुना लागतो. खोलीची मापं ब्लॉकच्या पटीतच धरा, तोडातोड वाचते. मी ब्लॉक २८ दिवस ओले ठेवायचा कंटाळा केला, त्यांचे कोपरे ढासळले. आणि पाया चिऱ्याचाच घ्या, इथला पाऊस माहीत हाय न्हवं!